तुळईचं देणं

‘असलं लाकूड आता मिळत नाही.’

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही जुन्या घरात जा, मान वर करून कडीपाटाकडे बघा, पाच मिनिटांच्या आत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात फिरणारे पर्यटक म्हणतात, वाईतले घरमालक म्हणतात, सांगलीच्या गावभागातले सुतार म्हणतात. रील काढायला आलेली, हातात कधी रंधा न धरलेली माझ्या वयाची मुलंही म्हणतात. एखाद्या वाक्यावर सगळ्यांचं इतकं एकमत असेल, तर त्याच्याकडे जरा संशयानं बघावं.

कारण या एका वाक्यात तीन विधानं आहेत. पहिलं लाकडाविषयी : जुनं सागवान नव्यापेक्षा खरोखरच सरस होतं. दुसरं घरांविषयी : पूर्वीची घरं टिकायची, आताची टिकत नाहीत. तिसरं माणसांविषयी, आणि ते सहसा उघड बोललं जात नाही : पूर्वीची माणसं मनापासून काम करायची, आता सगळे उरकतात. आपण ही तिन्ही एका घोटात पिऊन टाकतो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. एखादी गोष्ट नीट कळत नसेल, तर तिचे भाग सुटे करून एकेक तपासायचा, ही आमची सवय. इथेही तेच करतो.

शिवाय हा प्रश्न माझ्यासाठी नुसता गप्पांपुरता नाही. वाई तालुक्यात आमचं नऊ खणांचं जुनं घर आहे आणि त्याच्या लाकडाला गिऱ्हाईक आलंय. विकायचं की नाही, हे आम्हा भाऊबंदांना ठरवायचं होतं. लाकूड ‘चांगलं’ असतं म्हणजे नेमकं काय असतं, हे कळल्याशिवाय ते ठरवता येत नव्हतं.

गाभा आणि कड

आधी लाकूड. सागाचा ओंडका आडवा कापला की दोन भाग दिसतात. आत सोनेरी-तपकिरी गाभा आणि त्याभोवती फिकट, पांढुरकी कड. कड हा झाडाचा जिवंत भाग, तिच्यातून पाणी वर चढतं. झाडाचं वय वाढतं, तसा कडेचा आतला भाग मरत जातो, त्याच्या पेशींत तेलकट द्रव्यं साठतात आणि त्याचा गाभा होतो. या द्रव्यांतलं टेक्टोक्विनोन नावाचं रसायन वाळवीला सोसत नाही. म्हणजे सागाला वाळवी लागत नाही हे खरं, पण ते गाभ्यापुरतंच. सागाची पांढरी कड वाळवी इतर लाकडांसारखीच खाते.

पुढचा हिशोब सोपा आहे. शंभर वर्षं वाढलेल्या झाडात गाभा भरपूर असतो. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या झाडात कडेचं प्रमाण मोठं. त्यात ओंडका बारीक असला, की चौकटीच्या मापाचा तुकडा काढताना कड टाळताच येत नाही. आमच्या गावच्या मिस्त्रींनी मला एका नव्या बंगल्याच्या दाराची चौकट दाखवली होती. चारच पावसाळे झालेले. एका बाजूची दोन बोटं रुंद पट्टी पार पोखरलेली, बाकी लाकूड शाबूत. मिस्त्री म्हणाले, “वाळवीला बी कळतंय कुठलं खायचं ते. आपल्याला पॉलिश मारल्यावर कळत न्हाई.”

पण म्हणून ‘जुनं ते भक्कम, नवं ते कुचकामी’ असंही सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत बहुतेक घरांचे सांगाडे पाइन, फर अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचे असतात आणि तिथेही जुन्या घरांतल्या दाट वलयांच्या लाकडाचं असंच कौतुक चालतं. त्या झाडांबाबत ते बरंचसं खरंही आहे. भराभर वाढलेलं पाइन हलकं आणि कमजोर निघतं. सागाचं गणित वेगळं आहे. त्याच्या प्रत्येक वलयात आधी मोठ्या छिद्रांचा एक पट्टा येतो आणि मग घट्ट लाकूड. त्यामुळे लागवडीतला, भराभर वाढलेला साग निव्वळ तेवढ्यानं जंगली सागापेक्षा कमजोर ठरत नाही. आणि सागाची लागवड तरी कुठे कालची आहे? केरळात निलंबूरला इंग्रजांनी १८४०च्या दशकातच ती सुरू केली होती.

फरक पडतो तो झाडाच्या वयानं, ओंडक्याच्या जाडीनं आणि लाकूड किती सुकवलं यानं. जुन्या घरांसाठी कापलेलं लाकूड सावलीत रचून निवांत वाळू देत असत. आज ओलसर लाकूड थेट कामाला लागतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात पीळ खातं. म्हणजे पहिलं विधान अर्धं खरं आहे. जुन्या लाकडाचा चांगुलपणा वेळेतून आलाय : झाडाला वाढायला मिळालेला वेळ आणि तोडल्यावर सुकायला मिळालेला वेळ.

जे पडलं ते दिसत नाही

आता घरं. आमच्या क्षेत्रात ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ हा शब्द सारखा वापरला जातो. जे टिकलं तेवढंच बघून निष्कर्ष काढायचा, नाहीसं झालेलं मोजायचंच नाही, असा हा घोटाळा. जुन्या घरांविषयी बोलताना आपण तो रोज करतो. मेणवलीचा वाडा उभा आहे, म्हणून आपण त्याच्याकडे बघून मान डोलावतो. पण पुण्याचा शनिवारवाडा? त्याचं बांधकाम १७३०मध्ये सुरू झालं, साग जुन्नरच्या जंगलातून आला. १८२८मध्ये आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. आज तिथे दगडी तट आणि जोती आहेत. त्या काळच्या सर्वोत्तम लाकडाची राख झाली.

आणि हे झालं पेशव्यांचं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात सामान्य माणसाचं घर बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या लाकडावर, मातीच्या धाब्याखाली उभं असायचं. पाटण-शिराळ्याच्या डोंगरात कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. ती घरं दर काही वर्षांनी नव्यानं उभी करावी लागत. त्यांतलं काहीच उरलं नाही, म्हणून त्यांचे फोटोही कुणी काढत नाही. ‘पूर्वीची घरं टिकायची’ असं म्हणताना आपण खरं तर ‘सावकार-सरदारांची घरं टिकायची’ असं म्हणत असतो.

शिवाय लाकूड टिकलं म्हणजे घर टिकलं, असंही नसतं. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात आणि ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली. भिंतीनं जीव घेतला असेल, तर आतल्या लाकडाच्या प्रतीला काय चाटायचंय?

माझ्या आईचं माहेर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे बघा. पाणी ओसरल्यावर मामाच्या घरात गेलो, तेव्हा पार्टिकल बोर्डचं मॉड्युलर किचन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगून गळून पडलं होतं. आज्जीचं सागवानी कपाट मात्र धुतलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा वापरात आलं. ही गोष्ट मामा सगळ्यांना सांगतो. त्याच घराची मागची मातीची भिंत त्याच पाण्यात बसली आणि ती पुढे सिमेंट-विटांनी बांधावी लागली, हे सांगायला तो विसरतो. भिंतही कपाटाइतकीच जुनी होती.

कुणाचं झाड?

आमच्या गावच्या घरातल्या मधल्या तुळईवर शके १८१५ कोरलंय. म्हणजे १८९३. घर बांधायला किती खर्च आला, सुतार कुठल्या गावचा होता, वास्तुशांतीला किती पानं उठली, हे सगळं घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. लाकूड कुठल्या जंगलातून आलं, हे मात्र कुणी कुणाला सांगितलेलं नाही. आठवणीतली ही एवढीच जागा रिकामी असावी, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

मग मी वाचायला लागलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमारास, आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. राज्याच्या अरण्यातला साग हुजुराची परवानगी घेऊन तोडावा, आणखी लागेल ते बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालंच असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं, जबरदस्ती करू नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या या सरकारी कागदाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : झाडात कुणाचा तरी वेळ गुंतलेला असतो, तो घ्यायचा तर त्याची संमती हवी आणि मोलही द्यायला हवं.

पण अंगणातल्या आंब्याला धनी असतो, तो तक्रार करू शकतो. रानातल्या सागाचं काय? त्याच्यासाठी फक्त हुजुराची परवानगी पुरते. पुढे हुजूर बदलले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. मग रेल्वे आली, जंगलांची मागणी वाढली आणि १८७८च्या कायद्यानं सरकारनं मोठमोठी जंगलं ‘राखीव’ केली. जिथे गावची गुरं चरत, जिथून लोक सरपण आणत, तिथे जाणं गुन्हा झाला. ज्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर ओढलेले कोरडे याच काळातले. डोंगर आणि कुरणं सरकारनं गिळली, आता गरिबाची शेळी चरणार कुठे, हा त्यांचा सवाल होता.

आमची तुळई त्यानंतर दहा वर्षांनी चढली. तिच्यासाठी पणजोबांच्या वडिलांनी व्यापाऱ्याला रोख पैसे मोजले असतील, यात मला शंका नाही. पण शेळीवाल्याला कुणी राजी केलं नव्हतं. आणि ज्या सुतारानं ती तासून, खाचेत कुसू बसवून, एकही खिळा न मारता खांबांवर चढवली, त्याचं स्वतःचं घर काही सागाचं नव्हतं.

प्लायची बाजू

आता नव्या मालाकडे येऊ. साताऱ्यातल्या कुठल्याही प्लायच्या दुकानात गेलात, तर दुकानदार दोन आकडे सांगतो : ३०३ आणि ७१०. पहिला साध्या प्लायवूडचा भारतीय मानक क्रमांक, दुसरा मरीन प्लायचा. या प्लायचा मोठा वाटा हरियाणातल्या यमुनानगरसारख्या ठिकाणाहून येतो आणि तो शेताच्या बांधावर वाढलेल्या पॉप्लर-निलगिरीपासून बनतो. ही झाडं शेतकऱ्यानं लावलेली असतात, सहा-आठ वर्षांत तोडायला येतात, त्याचे पैसे त्याला मिळतात आणि तो पुन्हा लावतो. आज्ञापत्राच्या कसोटीला हे लाकूड आमच्या तुळईपेक्षा जास्त उतरतं, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाची एक प्रसिद्ध कसोटी आहे : तू जे करतोयस ते सगळ्यांनीच करायचं ठरवलं तर चालेल का? सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांतल्या प्रत्येक कुटुंबानं उद्या जंगली सागाचं नऊ खणांचं घर मागितलं, तर सह्याद्रीत काय उरेल? कोयना आणि चांदोलीचं जे जंगल मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ते एका पिढीलाही पुरणार नाही. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वृक्षतोडीवर कडक बंधनं आणली. २०१४मध्ये म्यानमारनं ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज आपल्याकडच्या वखारीत घाना, इक्वेडोर अशा देशांतला साग दिसतो. ‘असलं लाकूड आता मिळत नाही’ याचा एक अर्थ असाही आहे, की ते आता पूर्वीसारखं सहज ओरबाडता येत नाही. याचं मला दुःख होत नाही.

पण प्लायचीही एक खोड आहे. ते डिंकानं बांधलेलं असतं. फुगलं की दुरुस्त होत नाही, नीट सुटं होत नाही आणि चुलीत घातलं तर डोळे झोंबणारा धूर होतो. आमच्या तुळईचा एक कुसू कुजला, तर मिस्त्री तेवढाच भाग कापून नवा जोड बसवतात. घर मोडलं, तर तीच तुळई दुसऱ्या घरावर चढते. दुरुस्त करता येणं, सुटं करता येणं आणि पुन्हा वापरता येणं हा गुण आपण गमावलाय. त्याचा लाकडाच्या जातीशी संबंध थोडा आहे, बांधण्याच्या पद्धतीशी जास्त.

तिसरं विधान, माणसांविषयीचं, इथे निकालात निघतं. पूर्वीचा बलुतेदार सुतार जास्त प्रामाणिक होता असं मला वाटत नाही. तो त्याच गावात राहणार होता. त्यानं बसवलेलं दार कुरकुरलं, तर त्याच्याच पोराला ते दुरुस्त करावं लागणार होतं. आजच्या मिस्त्रीला स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात आणि पुढच्या आठवड्यात तो कराडच्या साइटवर असतो. त्याच्या हातातलं कसब तेच आहे, काळजी करायला त्याला दिलेला काळ आखडलाय. डेडलाइनखाली कोड लिहिणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक साधा हिशोब

या सगळ्यातून माझ्यापुरता एक नियम हाती लागला. झाडाला वाढायला जितकी वर्षं लागली, निदान तितकी वर्षं त्याचं लाकूड वापरात राहिलं पाहिजे. सात वर्षांच्या पॉप्लरचं कपाट पंधरा वर्षं चाललं, तर व्यवहार चोख झाला. शंभर वर्षांच्या सागाची तुळई सव्वाशे वर्षं टिकली, तोही चोख. पण शंभर वर्षांचा साग तोडून हॉटेलचा काउंटर केला आणि इंटिरियर जुनं दिसतं म्हणून पाच वर्षांत उखडला, तर ती उधळपट्टी आहे. मग लाकूड कितीही अस्सल असो.

मिस्त्रींच्या अंदाजानं आमच्या तुळईचं झाड शंभरीच्या आसपासचं असावं. ती १८९३ला चढली. म्हणजे झाडाचं देणं १९९३च्या सुमाराला फिटलं. मी जन्मलो तेव्हा ती आधीच व्याज फेडत होती.

हा नियम पुरेसा नाही, हे मलाही दिसतं. तो झाडाचा वेळ मोजतो, शेळीवाल्याचा मोजत नाही. ते देणं फेडण्याचा रस्ता मला सापडलेला नाही. पण निदान ‘आमच्या पूर्वजांची दृष्टी’ वगैरे बोलताना जीभ थोडी अडखळावी, एवढं तर त्यातून व्हायलाच हवं.

वाटणी

तर, गिऱ्हाईक आलं ते असं. घरात आण्णा आणि काकू राहतात. आण्णा म्हणजे माझे मोठे चुलते. माकडं कौलं फोडतात, पावसाळ्यात माजघरात चार ठिकाणी पातेली लावावी लागतात, मागच्या वाश्यांना वाळवी आहे. आण्णांना स्लॅबचं, दोन खोल्यांचं कोरडं घर हवंय. जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं सगळ्या सांगाड्याची एकरकमी किंमत सांगितली. माल एका रिसॉर्टच्या सजावटीला जाणार होता.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच ‘हेरिटेज’ हा शब्द आला. तो पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडून आला, हे सांगायला नको. मी एवढंच विचारलं, की घर जसंच्या तसं ठेवायचं तर दुरुस्तीला दरमहा कोण किती देणार. दोन दिवस ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग होतं.

यावर माझं मत ठाम आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर गळतंय, त्यानं आपल्या आठवणींसाठी भिजत राहावं, असं म्हणायचा अधिकार कोरड्यात बसलेल्याला नाही. तुळईनं आपलं देणं फेडलंय. तिच्या नावानं आण्णांकडून नवं काही वसूल करता येणार नाही.

पण लाकूड पाच वर्षांच्या सजावटीत जाऊ नये, असंही वाटत होतं. मिस्त्रींनी पत्ता काढला : साताऱ्याकडचा एक जण आपल्या वाड्याचा पडलेला सोपा पुन्हा उभा करतोय, त्याला खांब आणि तुळया हव्यात. तो रिसॉर्टवाल्यापेक्षा दीड लाख रुपये कमी देत होता. आण्णांनी हिशोब ऐकला आणि म्हणाले, “लाकूड चांगल्या जागी जावं हे मला बी पटतंय. पर ह्ये दीड लाख माझ्या स्लॅबातनं कमी करायचं का?”

प्रश्न रास्त होता. आज्ञापत्रातलाच होता : राजी कर आणि मोल दे. तत्त्व ज्याचं, त्याची किंमतही त्यानंच द्यायची. मी आणि ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार येतो अशा तीन चुलतभावंडांनी तो फरक वाटून घेतला. त्यात आमचं काही थोरपण नाही. रिसॉर्टला लाकूड न देण्याची ती किंमत होती आणि ती आण्णांच्या खिशातून जाणं गैर झालं असतं.

दिवाळीनंतर मिस्त्री सांगाडा उतरवतील. खिळे नाहीत, त्यामुळे आठवड्याभरात काम होईल असं ते म्हणाले. कुठला खांब कुठल्या तुळईखालचा, हे पुढच्या सुताराला कळावं म्हणून प्रत्येक लाकडावर खडूनं आकडे टाकायचे आहेत. ते काम मी मागून घेतलंय. आकड्यांच्या जोडीला एका फळीवर घराचं गाव आणि शके १८१५ही लिहून देणार आहे. जंगलाचं नाव लिहायची जागा मात्र तिथेही रिकामीच राहील.